पश्चिम कॅन्ससमध्ये घर बघताय? आधी तिथला वारा बघा

प्रश्न थोडक्यात: माझी पत्नी न्यू जर्सीत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी संपवते आहे. जे-१ व्हिसाच्या वेव्हरसाठी (शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून) तिला तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागेल. पश्चिम कॅन्ससमधून दोन बोलावणी आली आहेत: एक हेझ शहराचं, दुसरं तिथून तासाभराच्या अंतरावरच्या दीड हजार वस्तीच्या गावाचं. मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, मुलगी चार वर्षांची आहे. न्यू जर्सीच्या मानाने घरं कवडीमोल वाटतात, पण टोर्नेडोची धास्ती आहे आणि एकटं पडू अशीही भीती आहे. घर घ्यावं का, आणि कुठे?

उत्तर:

मी या भागात विक्रीला निघालेली घरं तपासून अहवाल देतो, म्हणजे होम इन्स्पेक्टर. त्यामुळे माझं बोलणं छप्पर, तळघर आणि विमा यांच्याकडे जास्त झुकेल, हे धरून चाला.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पहिलं वर्ष भाड्याने राहा. दोन्हीपैकी हेझ निवडा. आणि गाव बघायला येणार असाल तर मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये या. रुग्णालयवाले उमेदवारांना हमखास सप्टेंबर-ऑक्टोबरात बोलावतात. तेव्हा आभाळ निळंशार असतं, शेतात ज्वारी लालसर पिकलेली असते (हो, आपलीच ज्वारी, इथे तिला मायलो म्हणतात आणि ती गुरांच्या पोटात किंवा इथेनॉलच्या कारखान्यात जाते), संध्याकाळ गारेगार असते. त्या दोन दिवसांवर भाळून घर घेतलेली माणसं मला पुढच्या वसंतात फोन करतात.

टोर्नेडोचं आधी उरकून घेऊ, कारण तुमच्या मनात तेच आहे. ४ मे २००७ च्या रात्री ग्रीन्सबर्ग हे गाव जवळजवळ ९५ टक्के भुईसपाट झालं. वादळाचा पट्टा दीड मैलाहून रुंद होता. गावाची वस्ती चौदाशेच्या आसपास, आणि दगावलेली माणसं डझनभर. आता याच राज्यातलं उडॉल घ्या. २५ मे १९५५, रात्री साडेदहाचा सुमार, गाव ग्रीन्सबर्गच्या निम्म्याहून लहान, आणि तिथे ८० माणसं गेली. उडॉलला वेळेत इशारा मिळाला नाही. ग्रीन्सबर्गला मिळाला आणि लोक तळघरात उतरले. तुमच्या कामाचा फरक एवढाच: इशारा आणि तळघर. एखाद्या ठरावीक घरावर टोर्नेडो येण्याची शक्यता फार कमी असते, पण तळघर नसलेलं घर किंवा मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं हलकं घर) मी लहान मूल असलेल्या कुटुंबाला सुचवणार नाही, भाड्यानेसुद्धा नाही. तळघर नसेलच तर गॅरेजमध्ये बोल्टने बसवलेली पोलादी सेफ रूम तरी हवी. गावातला भोंगा घराबाहेरच्या माणसांसाठी असतो. खिडक्या बंद करून झोपलात तर तो ऐकू येईलच असं नाही. उशाशी बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ ठेवा. तीस-चाळीस डॉलरची वस्तू आहे.

इतकं केलंत की टोर्नेडोची काळजी मे-जूनमधल्या काही संध्याकाळींपुरती उरते. माणसं इथून निघून जातात ती त्याच्यामुळे नाहीत. ती रोजच्या वाऱ्याने कंटाळून जातात.

याच भागातल्या डॉज सिटीत वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेग ताशी सुमारे १४ मैल भरतो, म्हणजे २२ किलोमीटर. ही सरासरी आहे. रात्री, पहाटे, शांत दिवशी, सगळं धरून. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर ज्येष्ठ-आषाढात उभं राहिलात तर अंदाज येईल, फक्त तिथे तो हंगामापुरता असतो आणि इथे बारमाही. उन्हाळ्यात दक्षिणेकडून, हिवाळ्यात वायव्येकडून, आणि मार्च-एप्रिलमध्ये दोन्हीकडून आळीपाळीने. राज्यातली ४० टक्क्यांहून जास्त वीज पवनचक्क्यांतून येते ती उगाच नाही.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करून लावायची. पाठ वाऱ्याला असेल तर दार उघडताक्षणी हातातून सुटतं आणि बिजागरीत वाकतं. मग ते कधीच नीट बसत नाही. किराणा दुकानासमोर मुलीला गाडीतून उतरवताना आधी दार धरायचं, मग पट्टा सोडायचा. कचऱ्याचा डबा उचलायच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवायचा, नाहीतर तो शेजारच्या गल्लीत सापडतो. ट्रॅम्पोलिन जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचं. कपडे मात्र अर्ध्या तासात वाळतात, आणि वर धुळीचा थर मोफत. काहींना चार महिन्यांत याची सवय होते. काहींना सततच्या घोंघावण्याने डोकं दुखतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. तुम्ही कुठल्या गटातले हे न्यू जर्सीत बसून कळणार नाही, म्हणून भाड्याचं घर.

वारा घराचं काय करतो, ते कुणी विकणारा सांगत नाही. मी घरात शिरलो की पहिल्यांदा वायव्येकडच्या खोलीत जातो आणि भिंतीलगतच्या गालिच्याकडे बघतो. कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळपट रेघ असेल तर ती कुत्र्याची किंवा आळशी झाडूची नव्हे. भिंत आणि फरशीच्या फटीतून वर्षानुवर्षं हवा आत येते आणि गालिचा गाळणीसारखा धूळ अडवतो, त्याची ती रेघ. तिच्यावरून घर तापवायच्या गॅसचं बिल साधारण सांगता येतं. मग माळ्यावर चढतो. इथल्या बहुतेक घरांत छताच्या वर कापसासारखं सुटं इन्सुलेशन फवारलेलं असतं. वळचणीच्या जाळीतून वारा आत घुसतो आणि ते सुटं इन्सुलेशन हळूहळू मागे ढकलतो. मधोमध फूटभर थर आणि कडेला दोन-तीन फुटांचा पट्टा पार उघडा, खालच्या खोलीचं छत दिसावं इतका. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की नसलं तर चुकल्यासारखं वाटतं. विक्रेत्याच्या कागदावर 'माळ्यावर १४ इंच इन्सुलेशन' असं लिहिलेलं असतं, आणि ते मधोमध मोजलं तर खरंही असतं. उपाय स्वस्त आहे: वळचणीला पुठ्ठ्याचे किंवा फोमचे अडसर बसवायचे आणि वरून पुन्हा फवारायचं. पण घासाघीस करताना हे माहीत असलेलं बरं. तिसरी जागा फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची. नव्या फर्नेसचा धूर प्लास्टिकच्या नळीतून बाजूच्या भिंतीतून बाहेर जातो. ती नळी वायव्येला तोंड करून असेल तर जानेवारीतल्या वादळी रात्री वारा उलटा आत दाबतो, प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो, आणि बाहेर उणे वीस असताना घर गार पडतं.

आता छप्पर आणि विमा. खरा खर्च इथेच आहे, आणि बाहेरून आलेले लोक इथेच फसतात.

पश्चिम कॅन्ससमध्ये गारपीट ही नित्याची गोष्ट. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात कॉफीव्हिलला ३ सप्टेंबर १९७० रोजी पडलेली गार साडेपाच इंचांहून मोठी आणि पाऊण किलो वजनाची होती. कित्येक वर्षं तो अमेरिकेतला विक्रम होता. एवढ्या गारांची गरज नसते. दीड इंची गारांच्या दहा मिनिटांत छपरावरचं साधं डांबरी शिंगल कामातून जातं. म्हणून विमा कंपन्यांनी वारा-गारपिटीसाठी वेगळा डिडक्टिबल ठेवला आहे आणि तो बहुधा टक्क्यांत असतो, घराच्या विमारकमेच्या एक किंवा दोन टक्के. घर अडीच लाख डॉलरला विमा उतरवलेलं असेल तर दोन टक्के म्हणजे प्रत्येक गारपिटीला पहिले ५,००० डॉलर तुमच्या खिशातून. दुसरी मेख अशी की अनेक पॉलिसी जुन्या छपराला पूर्ण बदलीची किंमत देत नाहीत, झीज वजा करून देतात. पंधरा वर्षांचं छप्पर असेल तर हातात येणारी रक्कम बघून रडू येतं. तिसरी, पत्र्याच्या छपरासाठी 'दिसण्यापुरतं नुकसान' वगळणारं कलम. पत्रा गारांनी खड्डेखड्डे झाला तरी गळत नाही ना, मग पैसे नाहीत. पत्रा वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या स्वतःच्या घरावर पत्राच आहे. पण कलम वाचून घ्या.

म्हणून घराची ऑफर देण्याआधी, नंतर नव्हे, विमा एजंटाला त्या पत्त्याचा दर आणि डिडक्टिबल विचारा. विक्रेत्याला विचारा: छप्पर कधी बदललं, आघात सोसणारं 'क्लास ४' शिंगल आहे का, पावती आहे का. क्लास ४ असेल तर बऱ्याच कंपन्या हप्त्यात सूट देतात. घर तुमचं झाल्यावर गारपीट झालीच, तर दुसऱ्या दिवशी दारावर परराज्यांतल्या पाट्यांच्या ट्रकमधून छप्परवाले येतील. कॅन्ससमध्ये २०१३ पासून छप्पर ठेकेदारांना राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. नाही म्हणाला तर चहासुद्धा विचारू नका.

तळघर हवंच असं मी म्हणालो, पण तळघराबरोबर रेडॉन येतो. जमिनीतून झिरपणारा हा किरणोत्सारी वायू फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण आहे (हे डॉक्टरीणबाईंना मी काय सांगावं), आणि राज्यातले अनेक जिल्हे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. कॅन्ससच्या घरविक्रीच्या करारात रेडॉनचा परिच्छेद असतोच. लोक तो वाचत नाहीत. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (हे किरणोत्साराचं माप) वर आकडा आला तर पंखा आणि नळी बसवून तो खाली आणता येतो, खर्च हजार-दोन हजार डॉलर. एवढ्यासाठी चांगलं घर सोडू नका. तळघरात मुलीची किंवा आईवडिलांची झोपायची खोली करणार असाल तर खिडकी बघा: माणूस बाहेर पडेल एवढी उघडणारी, ५.७ चौरस फुटांची, आणि तिची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. जुन्या घरांत वर कोंबडी जेमतेम जाईल अशी झरोकावजा खिडकी असते आणि जाहिरातीत तीच खोली चौथी बेडरूम म्हणून मोजलेली असते.

किंमत कवडीमोल वाटते त्याबद्दल. कॅन्ससमध्ये राहत्या घराच्या सरकारी मूल्याच्या साडेअकरा टक्क्यांवर कर लागतो, आणि त्याचा दर 'मिल'मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे हजारामागे एक डॉलर. १,८०,००० डॉलरचं घर धरा. साडेअकरा टक्के म्हणजे २०,७००. दर १२० मिल असेल तर वर्षाला सुमारे २,४८४ डॉलर, १६० असेल तर ३,३१२. लहान गावात करपात्र मालमत्ताच थोडी, पण शाळा, रस्ते, रुग्णालय तर चालवायचंच. मग दर चढतो. न्यू जर्सीच्या मानाने तरीही चिल्लर आहे, पण घराच्या किमतीच्या मानाने नाही. आणि विकायची वेळ आली की दीड हजार वस्तीच्या गावात गिऱ्हाईक मिळायला वर्ष जाऊ शकतं. तुमच्या पत्नीचा करार तीन वर्षांचा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

काही गावांनी तर घर बांधणाऱ्याला प्लॉट फुकट दिले. मार्केट नावाच्या गावाने २००३ च्या सुमारास हे सुरू केलं, लिंकन गावानेही केलं. फुकट जमिनीवर घर बांधायला सुतार आणि प्लंबर कुठून आणणार, हा खरा प्रश्न. राज्याची ग्रामीण संधी क्षेत्र योजना मात्र नीट बघा. आधीची पाच वर्षं राज्याबाहेर राहिलेल्या आणि तिथून कॅन्ससमधली फारशी कमाई नसलेल्या माणसाला ठरावीक जिल्ह्यांत राज्याचा आयकर पाच वर्षांपर्यंत माफ होऊ शकतो. डॉक्टरच्या पगारावर ही रक्कम लहान नाही. मुदत विधिमंडळ वेळोवेळी वाढवत आलं आहे, तेव्हा सही करण्याआधी जिल्हा योजनेत आहे का आणि नोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे बघून घ्या.

हेझ का? वस्ती २१ हजारांच्या आसपास. विद्यापीठ आहे, मोठं रुग्णालय आहे, आणि त्यामुळे बाहेरून आलेली माणसं आहेत. विमानतळावरून डेन्व्हरला विमान जातं. मैलांचा हिशेब: कॅन्सस सिटी २७० मैल, डेन्व्हर ३४०, विचिटा १८०. तूरडाळ, कढीपत्ता आणि मंदिर म्हणजे यापैकी कुठलं तरी शहर, म्हणजे महिन्यातून एक अख्खा शनिवार. गणपतीला कॅन्सस सिटी गाठणारी कुटुंबं इथे आहेत. शुक्रवारी निघतात, रविवारी परततात. इंटरनेटची चिंता करू नका. या भागात टेलिफोनच्या सहकारी संस्थांनी लहानसहान गावांत फायबर नेलं आहे. आपल्याकडच्या दूधसंघांच्या माणसाला ही गोष्ट लगेच पटेल. न्यू जर्सीपेक्षा जोडणी चांगली असेल तर नवल वाटू देऊ नका.

दीड हजाराच्या गावात तुमची पत्नी फक्त डॉक्टर नसेल, ती गावची डॉक्टर असेल. दुकानात दुधाच्या कपाटासमोर लोक तिला गुडघा दाखवतील. काहींना हे आवडतं आणि तिथे मिळणारा मान शहरात सात जन्मांत मिळत नाही. पण ते रुग्णालय बहुधा २५ खाटांच्या आतलं असतं, आणि कॉलवर (बोलावलं की हजर व्हायच्या पाळीवर) असताना साधारण अर्ध्या तासात पोचावं लागतं. म्हणजे हेझमध्ये राहून तिथे नोकरी करता येणार नाही. या आकाराच्या रुग्णालयांचे हिशेब नाजूक असतात. हेरिंग्टनचं रुग्णालय २०२३ मध्ये बंद पडलं. मुलाखतीत तिने बेधडक विचारावं: महिन्याला किती रात्री कॉल, दुसरा डॉक्टर रजेवर गेला तर कोण, आणि गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद दाखवाल का.

गार्डन सिटीचं बोलावणं आलं तर तेही विचारात घ्या. मांस कारखान्यांमुळे तिथे मेक्सिको, व्हिएतनाम, सोमालिया, म्यानमारहून आलेली माणसं आहेत. जेवणाच्या बाबतीत ते पश्चिम कॅन्ससमधलं सगळ्यात चांगलं गाव. वारा गोठ्यांच्या बाजूने आला की नाक धरावं लागतं, एवढंच.

लोक कसे आहेत हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. २२ फेब्रुवारी २०१७ ला ओलेथामध्ये एका भारतीय इंजिनिअरचा वर्णद्वेषातून गोळ्या घालून खून झाला. ते कॅन्सस सिटीचं उपनगर, छोटं गाव नव्हे. त्याच गोळीबारात मध्ये पडलेला एक स्थानिक गोरा तरुणही जखमी झाला. २०१६ मध्ये गार्डन सिटीतल्या सोमाली वस्तीवर बॉम्बहल्ल्याचा कट एफबीआयने आधीच उधळला. या गोष्टी झाकून तुम्हाला बोलावणं बरोबर नाही. रोजच्या व्यवहारात मात्र मला इथे जे भेटतं ते कुतूहल आणि आपुलकी. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो, तुम्हीही उचला. शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉल सामन्याला जा, खेळ कळला नाही तरी चालेल. तिथे न दिसणारं कुटुंब गावाच्या हिशेबात धरलं जात नाही.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका, ती म्हणजे वादळी दिवशी गाडी चालवणं. १४ मार्च २०२५ ला गुडलंडजवळ आय-७० महामार्गावर धुळीच्या वादळात सत्तरहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि आठ माणसं गेली. दुष्काळी वसंतात नांगरलेल्या शेतावरून वारा सुटला की समोरचं बॉनेटही दिसत नाही. हिवाळ्यात जमिनीवरचा बर्फ उडून असंच होतं आणि महामार्गाचे फाटक बंद करतात. इशारा असेल त्या दिवशी कढीपत्ता राहू द्या.

पाणी: हेझ पाण्याच्या बाबतीत कायम ओढगस्त आहे, हिरव्या लॉनची हौस असेल तर सोडून द्या. गावाबाहेर विहिरीचं घर घेणार असाल तर नायट्रेटची चाचणी करा, आर्कान्सॉ नदीच्या पट्ट्यात युरेनियमचीही. लेकिन नावाच्या गावाला त्यासाठी शुद्धीकरण प्रकल्प उभारावा लागला.

तपासनीस निवडताना लक्षात घ्या की कॅन्ससमध्ये आमच्या धंद्याला राज्याचा परवाना लागत नाही. कायदा होता, तो २०१३ मध्ये संपला. कुणीही शिडी घेऊन इन्स्पेक्टर होऊ शकतो. व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व, विमा आणि जुन्या अहवालाचा नमुना मागा. माळ्यावर स्वतः चढणार का, हे विचारा. दारातून टॉर्च मारून परतणारे खूप आहेत.

शेवटचा मुद्दा माझ्या धंद्यातला नाही, पण कर्ज फसतं ते यातून. पत्नी जे-१ वर आहे म्हणजे तुम्ही बहुधा जे-२ (जे-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरच्या परवानगीने काम करत असाल. वेव्हर मिळून ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेली की तुम्ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाल, आणि तिथे कामाची परवानगी आपोआप मिळत नाही. इथे आलेल्या काही डॉक्टर कुटुंबांच्या हे अगदी अखेरीला लक्षात आलं, घराचा करार झाल्यावर. हप्त्याचं गणित दोन पगारांवर मांडण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून याचं लेखी उत्तर घ्या. उत्तर येईपर्यंत रुग्णालयाला सांगा की पहिल्या वर्षासाठी भाड्याचं घर शोधून द्या, तळघरासकट. इथे भाड्याची घरं जाहिरातीत कमी आणि ओळखीत जास्त निघतात, आणि डॉक्टर हवा असलेल्या गावात त्यांच्या ओळखी तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त आहेत.